डोमकळी आणि बारावीचे जीवशास्त्र
(राज्य शिक्षण मंडळाच्या अध्यक्षांस खुले पत्र)

मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे
यांस

महोदय,

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा निघाला, तेव्हा पाच तालुके, औंढ्याचे ज्योतिर्लिंग आणि नामदेवांची नर्सी यांखेरीज आवर्जून सांगण्यासारखे त्याच्या दप्तरात फारसे काही नव्हते. आज त्याच औंढ्याच्या परिसरात गुरुत्वीय लहरींचा वेध घेणाऱ्या लायगो वेधशाळेचे चार-चार किलोमीटर लांबीचे दोन बाहू उभारण्याचे काम केंद्र सरकारने अंगावर घेतले असून, २०२३ साली त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरीही मिळाली आहे. अब्जावधी प्रकाशवर्षांपलीकडे दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली असता अवकाशात उठणारा सूक्ष्म तरंग मोजण्यासाठी भौतिकशास्त्राला आमच्या माळरानावर यावेसे वाटले, याचा आम्हांस अभिमान आहेच. जीवशास्त्राला मात्र येथे नव्याने येण्याचे कारण नाही. ते कापसाच्या बोंडात, हळदीच्या गड्ड्यात, सोयाबीनच्या मुळाशी आणि कयाधू नदीच्या डोहात पूर्वापार नांदत आले आहे. आणि तरीही अकरावी-बारावीला तो विषय घेणाऱ्या आमच्या मुलामुलींची त्याच्याशी दोन वर्षांत बहुधा गाठ पडत नाही. ती का पडत नाही आणि पडावी यासाठी आपल्या हाती काय आहे, एवढ्यापुरतेच हे पत्र आहे.

मी या जिल्ह्यात कनिष्ठ महाविद्यालयीन वर्गांना जीवशास्त्र शिकवून सेवानिवृत्त झालेला एक अध्यापक आहे. हे पत्र वास्तविक राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेस लिहावयास हवे होते, असे कोणी म्हणेल, आणि रीतीप्रमाणे ते खरेही आहे. कारण शालेय शिक्षणाचा राज्य अभ्यासक्रम आराखडा २०२४ साली परिषदेनेच सिद्ध केला, त्याला अनुसरून उच्च माध्यमिक विषयांची फेरमांडणी करणे हेही तिचेच काम, आणि त्यावरून पाठ्यपुस्तक काढणे हे बालभारतीचे. परंतु परिषदेने कितीही उदात्त अध्ययन निष्पत्ती लिहिल्या आणि बालभारतीने त्या कितीही सुबक छापल्या, तरी विद्यार्थी प्रत्यक्षात काय शिकेल याचा निवाडा आपली तीन तासांची प्रश्नपत्रिकाच करते. ज्या उद्दिष्टाला गुण नाहीत ते उद्दिष्ट वर्गाच्या उंबऱ्याबाहेर राहते, हे प्रत्येक शिक्षक जाणतो आणि प्रत्येक विद्यार्थी तर शिक्षकाच्या आधी जाणतो. म्हणून कैफियत मांडावयाची ती आपल्यापुढे.

बारावीच्या जीवशास्त्राचे पुस्तक पंधरा प्रकरणांचे आहे. वनस्पतींच्या प्रजननापासून जैवविविधतेच्या संवर्धनापर्यंत त्याचा विस्तार आहे, मजकूर बहुतांशी अद्ययावत आहे, आकृत्या पूर्वीच्या पुस्तकांपेक्षा कितीतरी चांगल्या आहेत. तेव्हा पुस्तकाशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते क्रियापदांशी. सांगणे, नावे देणे, वर्णन करणे, फरक स्पष्ट करणे, सुबक आकृती काढून भागांना नावे देणे: आपल्या सत्तर गुणांच्या लेखी परीक्षेचा बराचसा कारभार या पाचसहा क्रियापदांवर चालतो. अमेरिकेतील बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली शैक्षणिक उद्दिष्टांची जी उतरंड मांडली, तिच्यात यांपैकी बहुतेक क्रिया तळच्या एकदोन पायऱ्यांवर येतात, ही गोष्ट बी.एड.च्या पहिल्या सत्रात आम्हां सर्वांकडून घोकून घेतली जाते. आणि ती घोकूनच घेतली जात असल्यामुळे तिचा पुढे काही उपद्रव होत नाही. विद्यार्थ्याला एखादी अनोळखी नोंद वाचता यावी, समोरच्या सजीवाकडे पाहून प्रश्न विचारता यावा, अमुक केले तर अमुक होईल असे भाकीत बांधून ते का होईल याचे कारण देता यावे, दोन प्रकरणांतील ज्ञान एकत्र आणता यावे, ही क्रियापदे आराखड्यांच्या प्रस्तावनेत असतात. प्रश्नपत्रिकेत त्यांची भेट क्वचितच होते.

हे मोघम वाटू नये म्हणून उत्क्रांतीचे प्रकरण घेतो. इंग्लंडातील कारखान्यांच्या काजळीने झाडांची खोडे काळी पडली, त्यांवर बसणारे पांढुरके पतंग पाखरांच्या डोळ्यांत भरू लागले, काळे पतंग वाचले आणि वाढले, ही नैसर्गिक निवडीची हकिकत आमच्याकडील विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या पाठ करीत आला आहे. हकिकत उत्तम आहे, तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. परंतु ज्या मुलाने ती पाठ केली त्याच्या बापाच्या शेतात, त्याच्या स्वतःच्या आयुष्यात, त्याच सिद्धान्ताचा याहून स्पष्ट आणि याहून महागडा प्रयोग होऊन गेला. मातीतील एका जिवाणूचे जनुक कापसात घालून अळीला मारक प्रथिन झाडानेच तयार करावे अशा बीटी वाणांना देशात २००२ साली परवानगी मिळाली. २००६ पासून दोन प्रथिनांचे वाण आले. २०१० साली गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या प्रथिनाला दाद देत नसल्याचे जाहीर झाले, पुढे काही वर्षांत ती दुसऱ्यालाही पचवू लागली, आणि २०१७ च्या हंगामात मराठवाड्या-विदर्भाच्या कापसाची जी दैना झाली ती आमच्या भागात कोणाला सांगावी लागत नाही.

आता त्या शेतात जाऊन पाहा. फूल लागण्याच्या सुमारास एखादी कळी धड उमलत नाही. पाकळ्या आतून रेशमाने टाचल्यासारख्या एकमेकींना चिकटून राहतात आणि कळीला मिटलेल्या गुलाबाचे रूप येते. शेतकरी तिला डोमकळी म्हणतो. ती सोलली की आत परागकण खात बसलेली इवलीशी अळी सापडते; पुढे दुसरी एखादी बोंडात शिरते, तिने आत शिरताना पाडलेले छिद्र बुजून जाते, बाहेरून बोंड हिरवेगार दिसत राहते आणि फुटते तेव्हा कापसाऐवजी कवडी हाती येते. डोमकळी, कवडी, फरदड, कामगंध सापळा हे शब्द आमच्या अकरावीच्या वर्गातील निम्म्या मुलांना घरी ऐकून ठाऊक असतात. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की फवारणीची वेळ झाली, हेही त्यांतील काहींना माहीत असते. ठाऊक नसते ते एवढेच, की हा जीवशास्त्राचा बारावीचा अभ्यास आहे.

बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याची १२० ग्रॅमची एक पुडी येत असे. ती शेताच्या कडेने पेरावी असा दंडक होता. पुष्कळांनी ती बांधावर टाकली किंवा बी पातळ झालेल्या जागी टोकून दिली, कारण जाणूनबुजून अळीच्या तोंडी पीक द्यावे हे कोणत्याही शहाण्या कुणब्याला पटणारे नव्हते आणि ते का द्यावे हे कोणी त्याला नीट समजावूनही सांगितले नव्हते. त्या पुडीमागचे कारण समजून घ्यावयाचे तर विद्यार्थ्याला मेंडेल लागतो. कारण प्रतिकाराचा गुणधर्म अप्रभावी असेल, तर प्रतिकारक्षम पतंगाचा संकर कडेच्या ओळींतून वाचलेल्या साध्या पतंगाशी होऊन निपजणारी संतती बीटी झाडावर मरते आणि प्रतिकाराचा प्रसार लांबतो. त्याला जैवतंत्रज्ञानाचे प्रकरण लागते, समष्टीचे लागते, उत्क्रांतीचे तर लागतेच. पंधरांपैकी चार प्रकरणे एका बोंडात सापडतात. आणि याहून पुढचा प्रश्न, जो मला या सर्वांत रसाळ वाटतो: हरभऱ्यावर जिला घाटेअळी म्हणतात तीच अळी कापसावर हिरवी बोंडअळी म्हणून येते, तिने बीटीला अशी मात दिली नाही आणि गुलाबी अळीने दिली, हे का? हिरवी अळी तुरीवर जगते, हरभऱ्यावर जगते, तिच्या साध्या वंशजांना शेकडो एकर मोकळे रान आहे. गुलाबी अळीचा संसार जवळजवळ संपूर्णपणे कापसावर, तेव्हा जिकडेतिकडे बीटी झाल्यावर जी प्रतिकार करील तीच उरेल. हे उत्तर पुस्तकातल्या कोणत्याही एका पानावर नाही. पण ज्याला ती चार प्रकरणे खरोखर समजली आहेत आणि ज्याने डोळे उघडे ठेवून एक हंगाम पाहिला आहे, तो हे दहा ओळींत लिहू शकेल; आणि ज्याला लिहिता येणार नाही त्याला ती समजली नाहीत, असे परीक्षकाने खुशाल समजावे. असा एक प्रश्न, पाच गुणांचा, दरवर्षी नव्या सजीवाविषयी, नव्या माहितीसह: मंडळाने एवढे ठरवले तर उद्दिष्टांची भाषा आपोआप बदलेल.

याच संदर्भात एक गंमत नोंदवितो. आमच्याकडे अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत द्विलक्षी अभ्यासक्रमाचा पीकशास्त्र हा विषय आहे. तोच विद्यार्थी सकाळी पीकशास्त्राच्या तासाला बोंडअळीचे जीवनचक्र लिहून घेतो आणि दुपारी जीवशास्त्राच्या तासाला पतंगांचे काळे होणे लिहून घेतो. दोन्ही वह्या एकाच पिशवीत घरी जातात, त्यांची आपसांत भेट मात्र कोणी घालून देत नाही.

हळदीची कथा निराळी आहे, आणि आमच्या जिल्ह्यात ती टाळून चालणार नाही. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, वसमत येथेच राज्याचे हरिद्रा संशोधन केंद्र उभे राहिले, हिंगोलीच्या बाजारात हंगामात हळदीच्या गाड्यांची रांग लागते. पुस्तकात मात्र हळद आले-बटाट्याच्या पंगतीला, शाकीय प्रजननाच्या एका ओळीपुरती, कंदाने वाढणारी वनस्पती म्हणून बसते आणि विद्यार्थी ती ओळ अधोरेखित करून पुढे जातो. त्याच्या घरी जेठा गड्डा कोणता, बगल गड्डा कोणता, हळकुंड कोठून फुटते, बेण्याला काय ठेवायचे आणि शिजवायला काय काढायचे हे आजीला अंधारात चाचपूनही कळते; आणि पावसाळा सरता सरता काही झाडांच्या पोटातून फुलांचा दांडा वर येतो, फिकट कोषांतून पिवळी फुले डोकावतात, हेही त्याने पाहिलेले असते. मग या फुलांना बी का धरत नाही? हा प्रश्न त्याला कोणी विचारलेला नसतो. हळदीच्या पेशीत गुणसूत्रे त्रेसष्ट, म्हणजे एकवीस-एकवीसचे तीन संच; अर्धसूत्री विभाजनाच्या वेळी जोड्या लावावयाच्या तर तिसऱ्याला जोडीदार नाही, म्हणून परागकण आणि बीजांडे धड तयार होत नाहीत. ज्या अर्धसूत्री विभाजनाच्या अवस्थांची नावे तो परीक्षेच्या भीतीने क्रमवार पाठ करतो, त्या अवस्थांतील एका अडचणीवर त्याच्या घरचा सारा व्यवहार उभा आहे. बी नाही म्हणून बेणे ठेवणे आले, बेण्यावाटे कंदकुजीचा रोग शेतोशेत जाणे आले, एका वाणाची सर्व झाडे आनुवंशिकदृष्ट्या एकच असल्यामुळे एकाला झालेले दुखणे सर्वांना होणे आले, आणि संकराने नवा वाण काढणे दुरापास्त म्हणून निवड पद्धतीवर भिस्त ठेवणे आले.

याच हळदीचे प्रात्यक्षिकही होते, आणि त्याला जिल्हा नियोजनाच्या निधीची वाट पाहावी लागत नाही. ओल्या हळकुंडाचा पातळ काप काचपट्टीवर घ्यावा, पाण्याचा थेंब टाकावा, आच्छादन काच ठेवावी. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली फिकट पेशींच्या दाटीत मधूनमधून गर्द पिवळ्या पेशी दिसतात. रंग सर्व पेशींत सारखा पसरलेला नसतो, ठरावीक पेशींनी तो जपून ठेवलेला असतो. बाकीच्या पेशींत चपटे, लांबट, एका टोकाला निमुळते पिष्टकण खच्चून भरलेले असतात. आयोडिनचा थेंब कडेने सोडला की ते डोळ्यांदेखत निळेजांभळे होत जातात. मग शिजवलेल्या हळकुंडाचा काप घ्यावा. पिष्टकणांचे आकार गेलेले, त्यांचा एकजीव लगदा झालेला, आणि पिवळेपण सगळीकडे पसरलेले. हळद का शिजवतात, याचे जे उत्तर वडीलधारी माणसे रंग बसतो म्हणून देतात, ते उत्तर तेथे भिंगाखाली उभे असते. ज्या विद्यार्थ्याने हे दोन काप शेजारी ठेवून पाहिले आणि स्वतःच्या हाताने काढले, त्याची आकृती सुबक नसली तरी तिला पूर्ण गुण द्यावेत असे माझे मत आहे.

सोयाबीनविषयी फार लिहीत नाही. श्रावण-भाद्रपदात एक झाड मुळासकट उपटावे, मुळावरील गाठी नखाने फोडाव्यात. आत रक्तासारखा गुलाबी रंग असेल तर जिवाणू हवेतील नत्र बांधीत आहेत, हिरवट-राखाडी असेल तर त्यांचे काम थांबले आहे. तो गुलाबी रंग आपल्या रक्तातील द्रव्याच्या भावकीतला आहे, हे ऐकून वर्गात जी शांतता पसरते तिला कोणत्याही निष्पत्तीच्या तक्त्यात रकाना नाही. बियाण्याला जिवाणूसंवर्धक लावलेली एक ओळ आणि न लावलेली एक ओळ एवढ्यावर तुलनात्मक प्रयोगाची सारी शिस्त शिकविता येते, आणि बियाणे कमी पडले तर परभणीचे कृषी विद्यापीठ फार लांब नाही.

आता प्रात्यक्षिकांच्या तीस गुणांकडे येतो, कारण माझी मागणी मुख्यतः तेथे आहे. सध्याचा शिरस्ता सर्वश्रुत आहे. जर्नल नावाची वही मागील वर्षीच्या विद्यार्थ्याच्या वहीवरून उतरविली जाते, तीवर सही-शिक्का होतो, परीक्षेच्या दिवशी बहिःस्थ परीक्षक येतात, कांद्याच्या मुळाची कायम काचपट्टी गेली कित्येक वर्षे ज्या अवस्थेत आहे त्याच अवस्थेत सूक्ष्मदर्शकाखाली असते, आणि गुण सढळ हाताने दिले जातात. कारण कमी दिले तर कोणाचे तरी नुकसान आणि योग्य दिले तर कोणाच्याही लक्षात येणार नाही. यात कोणा एकाचा दोष नाही. ज्या परीक्षेत चुकण्याला वाव नाही, तिच्यात शिकण्यालाही जागा उरत नाही. माझी तजवीज अशी, की या तिसांपैकी पंधरा गुण विद्यार्थ्याने वर्षभर स्वतः ठेवलेल्या एका नोंदवहीला असावेत: एकच सजीव किंवा एकच जागा, जून ते डिसेंबर, तारखेवार निरीक्षणे, मोजमापे, फसलेले प्रयत्नही. परीक्षकाने ती वही उघडून कोणत्याही पानावर बोट ठेवावे आणि विचारावे, हे तुला कसे कळले, आणि याऐवजी असे दिसले असते तर तू काय म्हटले असतेस. उतरवून काढलेली वही दुसऱ्या प्रश्नाला उघडी पडते. मुंबईच्या विद्यार्थ्याजवळ कापूस नाही हे मी जाणतो. त्याच्याजवळ खाडीची तिवरे आहेत, गच्चीवरील टाकीतली डासांची पिल्ले आहेत. चंद्रपूरला आणखी काही असेल, वेंगुर्ल्यास आणखी काही. सजीव कोणता हे महाविद्यालयाने ठरवावे, उद्दिष्ट कोणते हे मंडळाने ठरवावे.

ही तोंडी तपासणी विद्यार्थ्याला हवी असल्यास मराठीतून देण्याची लेखी मुभा असावी, हेही येथेच नमूद करतो. दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेली मुलगी अकरावीत एकाएकी इंग्रजी पुस्तकासमोर बसते. तिला न कळलेले आणि तिला न सांगता आलेले यांतील फरक परीक्षकाला कळावयास हवा असेल, तर याहून सोपा मार्ग मला दिसत नाही.

एवढे वाचून कोणी म्हणेल की मुलांना ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा द्यावयाची असते, तिच्या एकशे ऐंशी प्रश्नांपैकी नव्वद जीवशास्त्राचे असतात, तेथे पर्याय निवडावयाचा असतो, नोंदवही काय कामाची? आक्षेप रास्त आहे आणि त्याच्या पाठीमागे लातूर-नांदेडच्या शिकवण्यांत पोटाला चिमटा घेऊन भरलेली शुल्के आहेत, म्हणून मी तो हसण्यावारी नेत नाही. माझे म्हणणे इतकेच, की ती परीक्षा घेणारे वेगळे आहेत आणि तिचे प्रयोजन वेगळे आहे; मोजक्या जागांसाठी लाखोंना गाळणे हे तिचे काम, आणि ते काम ती करतेच. बारावीला जीवशास्त्र घेणाऱ्यांपैकी बहुसंख्य मुले डॉक्टर होणार नाहीत. ती शेती करतील, औषधांच्या दुकानात बसतील, परिचारिका होतील, ग्रामपंचायतीत निवडून येतील, शिक्षक होतील. त्यांना फवारणीच्या बाटलीवरील मजकूर वाचून निर्णय घ्यावा लागेल, सिकलसेलची तपासणी लग्नापूर्वी का करावी हे घरच्यांना पटवावे लागेल. त्यांच्यासाठीचे जीवशास्त्र ठरविण्याचा अधिकार राज्याने आपल्या मंडळाकडे सोपविला आहे आणि तो मंडळाने दुसऱ्याच्या परीक्षेच्या हवाली करू नये.

हे स्वप्नरंजन नव्हे, याला पूर्वाधार आहेत. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा शाळांत १९७२ साली विज्ञानशिक्षणाचा जो कार्यक्रम सुरू झाला, त्यात माध्यमिकपूर्व वर्गांची मुले प्रयोग करून शिकत आणि परीक्षेला पुस्तक व वही सोबत नेत, शिवाय प्रत्यक्ष प्रयोगाचीही परीक्षा देत. तो शेकडो शाळांत पसरला, तीस वर्षे चालला आणि २००२ साली सरकारी हुकुमाने बंद पडला. तो बंद पडला हे मी मुद्दाम सांगतो, कारण परीक्षा बदलली की किती हितसंबंध अस्वस्थ होतात हेही त्या उदाहरणात आहे. अमेरिकेत शाळेतच महाविद्यालयीन दर्जाचे जीवशास्त्र शिकविण्याचा जो प्रगत अभ्यासक्रम आहे, त्याचीही पाठांतराचे ओझे म्हणून टीका होऊ लागली, तेव्हा २०१२-१३ च्या सुमारास तो उत्क्रांती, ऊर्जा, माहितीचे वहन आणि परस्परसंबंध या चार कल्पनांभोवती नव्याने बांधला गेला आणि प्रयोगाची आखणी, आकडेवारीचे वाचन, युक्तिवाद ही कौशल्ये उद्दिष्टांत आणि प्रश्नांत सारख्याच वजनाने घातली गेली. तेथील प्रयोगशाळा आमच्याकडे नाहीत. पण चार कल्पनांना प्रयोगशाळा लागत नाही. आणि मालवणास जन्मलेल्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सह्याद्रीतल्या गोड्या पाण्यात जेलीफिशच्या जातीचा जीव शोधला, जो वंश तोवर आफ्रिकेत राहतो असे समजले जात होते, तेव्हा त्यांच्यापाशी मुख्यतः चालणारे पाय आणि पाहणारे डोळेच होते.

शिक्षक हे करतील काय, असा प्रश्न आपल्या कार्यालयात निश्चित निघेल. रिक्त पदे, तासिका तत्त्वावरील नेमणुका, एका सूक्ष्मदर्शकामागे तीस विद्यार्थी, प्रवेश आमच्या गावात आणि मुक्काम शिकवणीच्या शहरात, हा सर्व तपशील मला ठाऊक आहे. सर्वच करतील असे मी म्हणणार नाही. पण पंधरा गुण जेथे जातात तेथे तास जातो, तास जातो तेथे शिक्षकही जातो, आणि नोंदवही ठेवावयाची म्हटले की विद्यार्थ्याला आठवड्यातून एकदा तरी गावी यावे लागते; नुसत्या हजेरीच्या परिपत्रकांनी जे साधले नाही ते कदाचित एका डोमकळीने साधेल. उद्दिष्टे मात्र थोडी ठेवावीत. पंधरा प्रकरणांना मिळून शंभर निष्पत्ती लिहिल्या की त्या तक्त्यात भरल्या जातात आणि तक्ता वरिष्ठांकडे रवाना होतो.

अखेरीस एक व्यावहारिक विनंती. आपल्या प्रात्यक्षिक परीक्षा जानेवारी-फेब्रुवारीत होतात. त्या वेळी आमच्याकडे सोयाबीन निघून तीन-चार महिने लोटलेले असतात, कापसाची फरदड, म्हणजे हंगाम सरल्यावरही राखलेले पीक, ठेवू नये म्हणून कृषी खाते सांगत असते, शेतात उभी असते ती पाने वाळलेली हळद. म्हणजे नोंदी व्हावयाच्या त्या पावसाळ्यातच व्हावयास हव्यात. यासंबंधी मंडळाचा काही निर्णय होणार असेल, तर त्याचे परिपत्रक विभागीय मंडळाच्या मार्फत मृग निघण्यापूर्वी महाविद्यालयांत पोहोचेल असे करावे. दिवाळीनंतर आलेल्या परिपत्रकावर आम्ही सही करून ते फाइलला लावू, आणि त्या वर्षीच्या बोंडांचा पंचनामा तोवर तलाठ्याने केलेला असेल.



आपला,
एक सेवानिवृत्त जीवशास्त्र अध्यापक
वसमत, जि. हिंगोली